अंगावरून वारं गेलं, म्हणजे डोक्यात झालं काय?

नानांच्या हातातून चहाचा कप पडला तेव्हा सकाळचे सव्वासहा वाजले होते. काकूंना वाटलं, हात निसटला असेल. नाना कप उचलायला वाकले, तर उजवा हात पुढे येईना. तोंडातून आवाज निघत होता, पण त्यात शब्द नव्हते. "आज्जे, आबा असं कामून बोलायलेत?" असं नातीनं विचारलं तेव्हा कुठे सगळ्यांचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे गेलं. ओठाचा उजवा कोपरा खाली लोंबला होता.

पुढचं सगळं मला नंतर विचारून विचारून जोडून घ्यावं लागलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, अंगावरून वारं गेलंय, म्हणजे लकवा. मग तिळाचं तेल कोमट करून हातापायाला चोळणं झालं. सातला गावातले डॉक्टर आले, त्यांनी ग्लुकोजची बाटली लावली. आठला मला फोन. मी तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो, त्यामुळे घरातला निम्मा डॉक्टर मीच. मी म्हणालो, रक्त पातळ करायची गोळी असेल तर द्या एक आणि निघा. ती गोळी नानांना गिळता आली नाही, ठसका लागून बाहेर पडली. गाडी मिळेस्तोवर नऊ. दहाला ग्रामीण रुग्णालय, तिथून "पुढे न्या" अशी चिठ्ठी. वाटेत ओळखीचा एक खासगी दवाखाना होता म्हणून तिथे थांबले. तिथे स्कॅनचं मशीन नव्हतं, हे तासाभरानं कळलं. शेवटी जिथे मशीन होतं तिथे पोहोचून रिपोर्ट हातात पडला तेव्हा बारा चाळीस झाले होते. डॉक्टरांनी आधी घड्याळ पाहिलं, मग आमच्याकडे. म्हणाले, "पावणेअकराच्या आत आला असतात तर एक इंजेक्शन देता आलं असतं."

पावणेअकराच का? अकरा का नाही? या एका प्रश्नामागे लागून मी गेली काही वर्षं वाचतोय, डॉक्टर मंडळींना विचारतोय. मी डॉक्टर नाही, पण काउंटरच्या या बाजूला उभा राहून जे समजलं ते सांगतो.

आपल्या मेंदूचं वजन साधारण १.३ ते १.४ किलो. म्हणजे साठ-सत्तर किलोच्या माणसात जेमतेम दोन टक्के. पण अख्ख्या शरीराच्या ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा हा एकटा खातो. आणि खाऊन साठवून ठेवत नाही. स्नायूंची, लिव्हरची स्वतःची कणगी असते, दोन घास मागे-पुढे झाले तर ते त्यातून काढून खातात. मेंदूच्या घरात कणगीच नाही. रोजचं रोज, क्षणाचं क्षणाला रक्तातून यायला पाहिजे. ते थांबलं की काही मिनिटांत पेशी मरायला लागतात.

ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याला पुढचं लगेच कळेल. एका नळीत कचरा अडकला, पाणी बंद झालं. उन्हाचे दिवस. नळीच्या अगदी शेवटची, फक्त तिच्यावरच जगणारी रोपं दुपारपर्यंत वाळून कोळ होतात. पण कडेची रोपं, ज्यांना शेजारच्या ओळीतली थोडीफार ओल मिळते, ती नुसती माना टाकतात. संध्याकाळच्या आत नळी मोकळी केली तर उभी राहतात. दुसऱ्या दिवशी केली तर तीही गेली.

मेंदूत तेच. रक्ताची गुठळी एखाद्या नळीत अडकली की मधला भाग लवकर मरतो, पण त्याच्याभोवतीचा मोठा पट्टा मान टाकलेल्या अवस्थेत असतो. काम करत नाही, म्हणून हात हलत नाही, बोलता येत नाही. पण मेलेला नसतो. डॉक्टर त्याला पेनंब्रा म्हणतात. लकव्याचा सगळा तातडीचा इलाज या पट्ट्यासाठी असतो. मेलेलं कोणी परत आणू शकत नाही.

हा पट्टा किती वेगानं वाळतो? जेफ्री सेव्हर नावाच्या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टनं २००६ मध्ये हिशोब मांडला. मोठी नळी बंद झाली आणि इलाज झाला नाही, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. माणसाच्या मेंदूत अशा साधारण ८,६०० कोटी पेशी असतात, त्यामुळे १९ लाख ऐकायला किरकोळ वाटतील. पण सव्वासहा ते बारा चाळीस म्हणजे ३८५ मिनिटं. मी एकदा बिलाच्या पाठीमागे गुणाकार करून पाहिला. त्र्याहत्तर कोटींच्या आसपास आला. सरासरीचा आकडा आहे, प्रत्येकात वेग वेगळा असतो, नानांचे नक्की किती गेले ते कोणी सांगू शकत नाही. तरी तो कागद मी फाडून टाकला.

आता माझ्या गोळीची गोष्ट.

लकवा दोन तऱ्हेचा. एकात नळी चोंदते, दुसऱ्यात फुटते. जगभरचा विचार केला तर दहातले सहा-सात चोंदण्याचे, बाकीचे फुटण्याचे. चोंदली असेल तर रक्त पातळ करायचं, गुठळी विरघळवायची. फुटली असेल तर रक्त पातळ करणं म्हणजे फुटलेल्या पाईपाची मोटर आणखी जोरात चालू करणं. आणि खरी अडचण अशी की बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. हात पडतो, तोंड वाकडं होतं, बोबडी वळते. कितीही अनुभवी डॉक्टर असो, नुसतं बघून छातीठोक सांगू शकत नाही. मी तर फोनवर सांगितलं होतं. नानांची नळी चोंदलेली निघाली, ते आमचं नशीब. फुटलेली असती आणि गोळी गिळली गेली असती, तर मी आज हा लेख लिहायला बसलो नसतो.

ओळखायचं साधन एकच, स्कॅन. सीटी स्कॅनचं मशीन गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरनं बनवलं. पहिल्या रुग्णाचा मेंदू त्यात पाहिला गेला १९७१ साली लंडनमध्ये, आणि १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याआधी जिवंत माणसाच्या कवटीत रक्त सांडलंय का, हे बाहेरून सरळ बघायची सोयच नव्हती. साध्या सीटीत सांडलेलं ताजं रक्त पांढरं दिसतं, पाच-दहा मिनिटांत निकाल लागतो.

इथे एक गंमत आहे, आणि ती न कळल्यामुळे माणसं हातची जातात. गुठळीचा लकवा असेल तर पहिल्या काही तासांत सीटी बऱ्याचदा नॉर्मल दिसतो. मेलेला भाग फिल्मवर उमटायला वेळ लागतो. नातेवाईक म्हणतात, "रिपोर्ट नॉरमल हाय म्हणले, चला घरी." अरे, हात पडलेला असताना नॉर्मल सीटीचा अर्थ 'रक्त सांडलेलं नाही' एवढाच. म्हणजे इंजेक्शनचा दरवाजा उघडा आहे, आता पळायचं, थांबायचं नाही.

ते इंजेक्शन म्हणजे गुठळी विरघळवणारं औषध. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला की लकव्यानंतर तीन तासांच्या आत ते दिलं तर तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत असणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. २००८ च्या युरोपातल्या चाचणीनं ती मुदत साडेचार तासांवर नेली. सव्वासहात साडेचार तास मिळवा. पावणेअकरा. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघून केलेला हिशोब तो. ही काही जादूची रेघ नाही. दहा पंचेचाळीसला चालणारं औषध दहा सेहेचाळीसला विष होत नाही. पण जसजसा वेळ जातो तसा फायदा घटतो आणि मेलेल्या भागात रक्तस्राव व्हायचा धोका तेवढाच राहतो. त्या पहिल्या चाचणीतसुद्धा औषध दिलेल्या शंभरातल्या सहा जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला होता. साडेचार तासांत गेलं तरी लवकर गेलेलं उशिरा गेलेल्यापेक्षा बरंच.

मोठ्या नळीतली मोठी गुठळी कधी कधी औषधाला दाद देत नाही. तेव्हा जांघेतून बारीक तार मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढतात. २०१५ मध्ये एकामागून एक चाचण्यांनी हे सिद्ध केलं. निवडक रुग्णांत ते चोवीस तासांपर्यंतही करता येतं, असं २०१८ मध्ये दिसलं. पण त्याला लागणारं मशीन आणि हात मोठ्या शहरातच मिळतात.

वेळ मोजायची कधीपासून, यावरही घोळ होतो. माणूस सकाळी उठला तेव्हाच हात पडलेला होता, तर सुरुवात सकाळची धरत नाहीत. रात्री शेवटचं धडधाकट कधी पाहिलं, ती वेळ धरतात. म्हणून डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात, "शेवटचं चांगलं कधी होते?" तेव्हा चिडू नका, नीट आठवून सांगा. रात्री दोनला लघवीला उठले होते आणि नीट चालत गेले होते, हे सांगितल्यानंही इलाज बदलू शकतो.

ओळखायचं कसं? हसायला सांगा, तोंड एका बाजूला जातंय का बघा. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतोय का बघा. स्वतःचं नाव, गावाचं नाव म्हणायला सांगा. तिन्हीतलं एक जरी अचानक बिघडलं असेल तर घड्याळ सुरू झालं. 'अचानक' हा शब्द महत्त्वाचा. एकाएकी तोल जाणं, एका डोळ्यानं दिसेनासं होणं, आयुष्यात कधी दुखलं नाही एवढं डोकं दुखणं, हेही त्यातच. आणि तासाभरात आपोआप बरं झालं तर हायसं वाटून घरी बसू नये. ती नळी काही काळ चोंदून सुटलेली असते. पुन्हा चोंदायचा धोका पुढच्या दोन दिवसांतच सगळ्यात जास्त.

शुगरवाल्यांचं एक वेगळं. इन्सुलिन घेऊन जेवण चुकलं आणि शुगर एकदम उतरली तर हुबेहूब लकव्यासारखं दिसू शकतं. बोटाला टोचून तपासायचं मशीन घरात किंवा आशाताईंकडे असेल तर अर्ध्या मिनिटात कळतं. उतरली नसेल तर मात्र ग्लुकोजची बाटली लावू देऊ नका. लकव्यात वाढलेली साखर मान टाकलेल्या पेशींना आणखी मारते.

तोंडानं काही देऊ नये. पाणी नाही, चहा नाही, गोळी तर नाहीच. गिळायचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात, घास श्वासनळीत जातो आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. बीपी वाढलंय म्हणून जिभेखाली गोळी ठेवून ते खाली पाडायची घाईही वाईट. नळी चोंदली की शरीर स्वतःहून बीपी वाढवतं, कडेच्या ओळींतून थोडीफार ओल पोहोचावी म्हणून. ते घरच्या घरी धाडकन पाडलं की उरलेली रोपंही वाळतात. कुठे तेल चोळतात, कुठे पारव्याचं रक्त लावतात, कुठे कोणी ठरावीक वारीच औषध देतं. मी यावर कोणाशी भांडत नाही. एवढंच म्हणतो, नळी डोक्यात चोंदलीय, हाताला काय चोळता? चोळायचंच असेल तर स्कॅन झाल्यावर चोळा.

आता रस्ता, आपल्या मराठवाड्यातला. अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज सत्तरच्या दशकात खास ग्रामीण भागासाठी म्हणून निघालं. संभाजीनगरची घाटी, म्हणजे तिथलं सरकारी मेडिकल कॉलेज, तर १९५६ पासूनचं. मग नांदेड, लातूर झालं, आणि गेल्या तीन-चार वर्षांत धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली. आठही जिल्ह्यांत आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. कागदावर नकाशा भरला. पण किनवट-माहूरच्या माणसाला नांदेड शंभर किलोमीटरहून लांब, बीडहून घाटीला जायचं तर सव्वाशे. सीमेवरची गावं जिल्ह्याचं मानतच नाहीत. आष्टीचे लोक नगरला पळतात, परांडा-भूमचे बार्शीला, उमरग्याचे सोलापूरला. त्यात चूक काही नाही, जे जवळ ते खरं. आणि कॉलेजची पाटी लागली म्हणून रात्री दोनला न्यूरॉलॉजिस्ट हजर, असंही नसतं.

त्यावर उपाय नाही असं नाही. हिमाचल प्रदेशनं २०१४ पासून करून दाखवलंय. तिथे डोंगर, रस्ते आपल्यापेक्षा अवघड, मेंदूचे डॉक्टर मोजके. त्यांनी काय केलं? ज्या सरकारी दवाखान्यांत सीटी आहे तिथल्या साध्या एमबीबीएस, एमडी डॉक्टरांना शिकवलं, स्कॅनचे फोटो मोबाइलवर शिमल्याच्या आणि टांड्याच्या न्यूरॉलॉजिस्टला पाठवायचे, ते बघून सांगणार आणि इंजेक्शन तिथल्या तिथे, तेही फुकट. माणूस हलवायचा नाही, फोटो हलवायचा. आपल्याकडे गावोगाव फोर-जी आहे, लग्नाचे व्हिडिओ सेकंदात दुबईला जातात.

ते होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या हातात एक काम आहे आणि ते आज दुपारीच करण्यासारखं आहे. आपल्या गावापासून चोवीस तास चालू असलेलं सीटी मशीन कुठे आहे, आणि तिथे गुठळीचं इंजेक्शन देतात का, हे दोन प्रश्न विचारून ठेवा. दवाखाना मोठा की छोटा, ओळखीचा की बिनओळखीचा, हे नंतर. आम्ही नानांना ओळखीच्या ठिकाणी नेलं होतं. तिथे सगळे फार चांगले वागले, चहा दिला, बसवलं. तिथेच तास गेला.

१०८ ला फोन करताना "चक्कर आली" म्हणू नका. "लकवा झालाय, इतक्या वाजता झाला" असं म्हणा. २०१४ पासून ही सेवा महाराष्ट्रात आहे, डॉक्टर सोबत असतो. तुमच्याकडे गाडी लवकर निघत असेल तर मात्र वाट बघत बसू नका. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता वर्षाला पाच लाखांपर्यंतची मर्यादा आहे. योजनेत असलेल्या दवाखान्यात दारातच आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड, आधार त्याच्यासमोर ठेवा आणि आधी त्यालाच विचारा, बिल झाल्यावर नाही. ही कागदं एका पिशवीत दाराच्या खुंटीला लावून ठेवलेली घरं मी पाहिलीत. शहाणी माणसं.

इथवर सगळी पळापळ लकवा झाल्यानंतरची. पण नानांचा लकवा त्या सकाळी सव्वासहाला सुरू झाला, असं मला आता वाटत नाही. तो आठ वर्षं आधी माझ्याच काउंटरवर सुरू झाला.

बत्तीस देशांतल्या रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, २०१६ मध्ये तो छापून आला, असं निघालं की लकव्याचा नव्वद टक्के धोका दहा गोष्टींतून येतो आणि त्यांत बीपी सगळ्यात वर आहे. बीपी वाढलेलं कळत नाही, ही त्यातली मेख. मेंदूच्या खोल भागात केसासारख्या बारीक नळ्या असतात, त्या मोठ्या नळीतून थेट काटकोनात फुटतात. वरचा दाब त्यांच्यावर सरळ आदळतो. वर्षानुवर्षं आदळून त्यांच्या भिंती जाड आणि ठिसूळ होतात. मग एक दिवस चोंदतात किंवा फुटतात. हे चालू असताना माणूस ज्वारी काढतोय, बाजाराला जातोय, लग्नात जेवतोय. दुखत काहीच नाही.

आणि माझ्या काउंटरवर रोज हेच ऐकू येतं.

"बीपीच्या पाच गोळ्या द्या."

"पाचच? महिन्याचं घेऊन जा, मावशी."

"नाही, आता बरं वाटायलंय. डोकं दुखलं की खाते."

डोकं दुखलं की खायची गोळी वेगळी आणि ही वेगळी, हे समजावता समजावता माझी वीस वर्षं गेली. बीपीची गोळी आज घेतली तर आजच्यापुरतं धरण अडवते. उद्या नाही घेतली की दरवाजे पुन्हा उघडे. पंधरा दिवसांनी बीपी तपासलं, १३०-८० आलं, की माणूस म्हणतो, नॉर्मल झालं, बंद करू. अहो, गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आलं! नाना अगदी हेच म्हणाले होते. शिवाय, "एकदा सुरू केली की सवय लागते" ही भीती. सवय कसली? चष्म्याची लागते तेवढीच.

वरचा आकडा दहानं जरी कमी ठेवला तरी लकव्याचा धोका चौथ्या हिश्शाहून जास्त घटतो, हे लाखो लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून २०१६ मध्ये दाखवलं गेलं. त्यासाठी लागणारी साधी गोळी दिवसाला एका चहापेक्षा स्वस्त पडते. प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात फुकट मिळते. माझ्या धंद्याच्या विरोधात बोलतोय, पण खरं आहे ते आहे. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे नाहीत. अडचण वेगळीच असते. उपकेंद्रात गेलं तर ताई लसीकरणाला गेलेल्या, गोळ्या आल्या तर पंधरा दिवसांच्याच, आणि त्या एका खेपेसाठी बुडणारी रोजंदारी गोळ्यांच्या किमतीच्या कितीतरी पट. 'मोफत' या शब्दात ती रोजंदारी कोणी धरत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर त्याहून अवघड. दसरा-दिवाळीनंतर कोयते निघतात, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. चार-पाच महिने फडात. पहाटे उठून तोडायचं, रात्री-अपरात्री गाडी भरायची. केसपेपर गावातल्या पत्र्याच्या पेटीत राहतो. उचल घेतलेली असते, खाडा केला की अंगावर येतो, म्हणून दवाखान्याचा दिवस निघत नाही. जाताना माझ्याकडे येतात तेव्हा मी दोन गोष्टी सांगतो. महिन्याचं नाही, जमेल तेवढं जास्त घेऊन जा. आणि गोळीच्या रिकाम्या पाकिटाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नाव दिसेल असा. कुठल्याही जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रात तो दाखवला की तीच गोळी किंवा तिच्यासारखी मिळते. "ती पांढरी बारकी गोळी" म्हटल्यावर देता येईल अशा शंभर गोळ्या माझ्याच फडताळात आहेत.

मिठाचं फक्त दोन ओळीत. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅम म्हणते, म्हणजे चहाचा एक चमचा, सगळं धरून. खर्डा, लोणचं, पापड आणि वर ताटाला मीठ, या हिशोबात आपलं सकाळच्या न्याहारीलाच भागतं. तंबाखूबद्दल काय बोलायचं! बायका म्हणतात, आम्ही कुठे तंबाखू खातो, आम्ही तर मिश्री लावतो.

जाता जाता म्हातारपणाच्या विसरण्याबद्दल. आपल्याकडे त्याला म्हातारचळ म्हणून हसण्यावारी नेतात. भारतात साठीच्या पुढच्या शंभरात सातांहून जास्त जणांना डिमेन्शिया आहे, असं २०२३ मध्ये छापून आलेल्या देशव्यापी अभ्यासातून दिसलं. मिळून सुमारे ८८ लाख माणसं. त्यातही बीपीचा हात आहे. मोठा लकवा न येता बारीक बारीक नळ्या चोंदत गेल्या की माणूस हळूहळू विझतो. आणि एक अनपेक्षित कारण म्हणजे ऐकू कमी येणं. कान मंद झाले की माणूस पारावर जाणं सोडतो, गप्पांतून उठतो, मेंदूला खुराक बंद. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळानं टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली. त्यांत बहिरेपण आहे आणि उपचार न केलेली अधू दृष्टीही आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन "आता काय करायचं या वयात" म्हणून पुढे ढकलणाऱ्यांना हे सांगा.

नाना घरी आले ते पडूनच. पहिले तीन महिने मेंदू वाटा बदलतो. मेलेल्या भागाचं काम शेजारचा भाग थोडंथोडं उचलतो, पण त्याच्याकडून करवून घेतलं तरच. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा यायचा, पेट्रोलचे पैसे घेऊन. बाकीचे सहा दिवस काकूच. लुळा हात धरून उठवायचं नाही, खांदा निखळतो, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा त्याच दुसऱ्यांना सांगत होत्या. लुळ्या बाजूनेच बसून बोलायचं, म्हणजे नाना तिकडे मान वळवतील. डाव्या हातानं सगळं करून टाकायची सवय मोडायची, उजव्याला निदान वाटीला टेकवून ठेवायचं.

पाय आला. काठीनं का होईना, चालतात. शब्द मात्र आले नाहीत. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याचं केंद्र डाव्या बाजूला असतं. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरनं १८६१ मध्ये एका रुग्णावरून हे केंद्र दाखवलं, आणि ते डावीकडे असतं हे १८६५ मध्ये मांडलं. त्या रुग्णाला 'टॅन' एवढंच म्हणता यायचं. डाव्या मेंदूचा ताबा उजव्या अंगावर, म्हणून उजवा हात आणि बोली दोन्ही एकदम जातात. समजतं सगळं, फक्त शब्द हाताला लागत नाही. लोक मोठ्यानं बोलतात त्यांच्याशी, बहिऱ्याशी बोलावं तसं, आणि नाना वैतागतात.

एकादशीला घरी भजन होतं. कोणीतरी नानांच्या डाव्या हातात एक टाळ दिला, दुसरा नातीनं धरला. तिसऱ्या अभंगाला नाना म्हणायला लागले. अडखळत नाही, बोबडं नाही, अख्खं कडवं. काकूंच्या हातातली पंचारती तशीच राहिली. गाण्याचा बराचसा कारभार उजवा मेंदू बघतो, त्यामुळे बोली गेलेली माणसं कधी कधी गाऊ शकतात, हे मी नंतर वाचलं. भजन संपल्यावर नातीनं विचारलं, "आबा, माझं नाव काय?" नानांनी तोंड उघडलं, आणि नुसतं तिच्याकडे बघत राहिले.

महिन्याच्या शेवटी ते एसटीनं माझ्याकडे येतात, एकटे. काठी काउंटरला टेकवतात, डाव्या हातानं खिशातून रिकामं पाकीट काढतात आणि काचेवर ठेवतात. मी तीन पाकिटं देतो. ते एक-एक मोजतात, तीस भरल्या की मान हलवतात.